भार ओतायला शिका: सोलापूरच्या गच्चीवरची ताय ची

आई पडली ती न्हाणीत नाही, जिन्यातही नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पडली. हातात शेंगदाण्याची परात होती. उजवा पाय उंबऱ्यापलीकडे टाकला, डावा उचलायच्या आत मागून कुणीतरी हाक मारली, म्हणून वळली आणि गेली. खुबा वाचला, मनगट मोडलं. प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, "आजी, चक्कर आली का?" आई म्हणाली, "चक्कर कसली, वळले मी."

मी पुण्यात नोकरीला असताना चार वर्षं ताय ची हा सावकाश हालचालींचा चिनी व्यायाम शिकले होते. सोलापूरला परत आल्यावर ते मागे पडलं. आईच्या त्या दोन शब्दांनी पुन्हा आठवण झाली. म्हातारपणी माणूस पडतो तो बहुधा उभा असताना नाही. वळताना, मागे सरकताना, एका पायावरून दुसऱ्या पायावर जाताना पडतो, आणि ताय ची म्हणजे नेमकं हेच, पण इतक्या सावकाश की शरीराला त्यातला प्रत्येक क्षण समजावा. आता आमच्या गच्चीवर रोज सकाळी सात-आठ जण जमतात. त्यांना जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

नावातला घोळ

पहिला गैरसमज 'ची' या अक्षराचा. लोकांना वाटतं ची म्हणजे प्राणशक्ती. प्राणासाठी चिनी भाषेत 'छी' असा वेगळा शब्द आहे. ताय चीमधला 'ची' निराळा. त्याचा मूळ अर्थ घराचं आढं, म्हणजे छपराच्या सगळ्यात वरचं लाकूड. त्यावरून अर्थ वाढत गेला तो टोक, पराकाष्ठा, परम असा. 'ताय' म्हणजे थोर. आपल्याकडे जुनी घरं माळवदाची, त्यामुळे आढं बघायचं तर कोकणात जावं लागतं. पण 'आढ्याचं पाणी वळचणीला' हे आपणही म्हणतोच. आढ्यावर पडलेला थेंब एक तर या उताराला जातो नाही तर त्या उताराला. दोन्ही उतार एकाच लाकडावर टेकलेले असतात.

यिन आणि यांग हे शब्दही असेच घराबाहेरचे, रोजच्या बघण्यातले. एक डोंगराची सावलीची बाजू, दुसरी उन्हाची. डोंगर एकच, आणि दुपार कलली की बाजूंची अदलाबदल होते. ताय चीच्या सरावात याचा अर्थ अगदी सरळ आहे. ज्या पायावर भार तो भरलेला, दुसरा रिकामा. भरलेला रिकामा होत जातो, रिकामा भरत जातो, आणि हे कुठेही तुटत नाही. तत्त्वज्ञान म्हणून ताओ पंथाचं बरंच काही यात आहे. पाणी मऊ असून दगड झिजवतं, जोराला जोराने उत्तर देऊ नये, वगैरे. पण सुरुवातीला एवढं पुरे, बाकीचं पाय शिकवतात.

मुळात ही युद्धकला. पूर्ण नाव ताय ची छुआन, आणि छुआन म्हणजे मूठ. हेनान प्रांतातल्या चेनजियागौ या चेन घराण्याच्या गावात सतराव्या शतकात चेन वांगथिंग यांच्यापासून तिची परंपरा सांगतात. तिथून यांग लूछान (१७९९–१८७२) यांनी ती शिकून बीजिंगला नेली. त्यांचे नातू यांग छंगफू यांनी तिचं सावकाश, मोठ्या हालचालींचं रूप रुजवलं आणि तेच आज जगभर दिसतं. चेन, यांग, दोन वेगवेगळे वू आणि सुन अशी पाच मुख्य घराणी. १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा खात्याने यांग शैलीवरून २४ हालचालींचा सोपा क्रम बसवला. पाच-सहा मिनिटांत तो पुरा होतो. नवशिक्याने पुढे जाऊन शिकायचा तो हाच. २०२० मध्ये युनेस्कोने ताय चीला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

"चिनी व्यायाम कशाला, आपला योग आहे की," असं गच्चीवर येणारा प्रत्येक जण एकदा तरी म्हणतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. आपल्या सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, जखमींवर उपचार करता करता १९४२ मध्ये तिथेच वारले. हेबेई प्रांतात त्यांची समाधी आहे, आणि यांग लूछानही हेबेईचेच. आपण तिकडे एवढा माणूस दिला, तर तिकडून एवढी कवायत घ्यायला काय हरकत? गंमत सोडली तरी योगाशी याचं भांडण नाही. आसनात आपण बहुधा एका स्थितीत स्थिर होतो. ताय चीत स्थिती अशी नसतेच, सतत एकीतून दुसरीत जाणं असतं, आणि तेही पायांवर. मी दोन्ही करते.

सुरू करण्याआधी

जागा दहा बाय दहा फूट पुरते. जमीन सपाट आणि कोरडी हवी. पावसाळ्यात गच्चीवर शेवाळ धरतं, तेव्हा सरळ खाली पॅसेजमध्ये या. सतरंजी किंवा चादर अंथरू नका. सोलापुरी चादर कितीही जाड असली तरी पायाखाली सरकते. शेजारी एक जड, बिनचाकाची खुर्ची ठेवा, ती धरायला.

वेळ पहाटेची. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो आणि गच्ची रात्रभर तापलेलीच असते. आम्ही उन्हाळ्यात साडेपाचला सुरू करतो, साडेसहाला सूर्य अंगावर यायच्या आत बंद. संध्याकाळी करायचं तर घरातच.

पायात पातळ, सपाट तळव्याचे बूट. जाड फोमचे धावायचे बूट नकोत, त्यात जमीन कळत नाही. अनवाणी चालतं, पण मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झाली असेल तर अनवाणी अजिबात नाही. खडा रुतला तरी समजत नाही. इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर अगदी उपाशीपोटी येऊ नका.

आणि हे नीट वाचा. अलीकडे हाड मोडलं असेल, गुडघा किंवा खुबा बदलला असेल, हाडं फार ठिसूळ झाली असतील, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, किंवा गरोदर असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखलं, दम लागला, सांध्यात टोचल्यासारखी कळ आली, तर थांबा. मांड्या भरून येणं ठीक आहे. सांधा दुखणं ठीक नाही.

पहिली पायरी: नुसतं उभं राहा

पावलं खांद्याइतक्या अंतरावर, एकमेकांना समांतर. बहुतेकांची पावलं बाहेर वळलेली असतात, खाली बघून एकदा खात्री करा. गुडघे कुलूप लावल्यासारखे ताठ नकोत, कडी काढल्यासारखे मोकळे. वाकवायचेही नाहीत. माकडहाड खाली सोडा, जणू मागे उंच स्टूल आहे आणि त्यावर टेकणार तेवढ्यात थांबलात. हनुवटी किंचित आत. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टाळूला हलकंच टेकलेलं. हात बाजूला सैल, पण काखा चिकटलेल्या नकोत. काखेत लिंबू धरलंय एवढी जागा.

आता खांदे सोडा. इथे सगळे अडतात. आमच्याकडे एक अक्का येतात, शहराच्या पूर्व भागातल्या. चाळीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, मान खाली, खांदे कानाला. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "अक्का, खांदे सोडा." त्या म्हणाल्या, "सोडलेच की वो!" मी त्यांच्या खांद्यांवर नुसते तळहात ठेवले आणि काहीच केलं नाही. मिनिटभराने खांदे माझ्या हातांखालून दोन बोटं खाली गेले. त्या स्वतःच दचकल्या. आपण किती आवळून उभे असतो हे आपल्याला ठाऊकच नसतं. चिनी भाषेत या सोडण्याला 'सुंग' म्हणतात. गळून जाणं वेगळं, सुंग वेगळं. दोरीवर वाळत घातलेला सदरा लोंबतो, पण पडत नाही, तसं.

श्वास नाकाने, आपोआप येईल तसा. बेंबीच्या तीन-चार बोटं खाली पोटाच्या आत लक्ष ठेवा, तिथे श्वासाबरोबर हलकी फुगण्याची जाणीव होते. मुद्दाम पोट फुगवू नका, श्वास कोंडू नका. पहिल्या दिवशी दोन मिनिटं उभे राहिलात तरी खूप झालं. पंधरवड्याने पाच मिनिटं.

दुसरी पायरी: भार ओता

माझ्या मते सगळी ताय ची इथेच आहे. या पायरीवर दोन आठवडे काढा. हातांच्या नक्षीला भुलून पुढे पळालात तर परत इथेच यावं लागेल.

तसेच उभे राहून कंबर सावकाश उजवीकडे न्या. खांदा झुकवायचा नाही, कुल्ला बाहेर काढायचा नाही. दोन्ही खांद्यांवर पाण्याचे तांबे ठेवलेत असं समजा. मनात पाच अंक मोजता मोजता सगळा भार उजव्या तळव्यात उतरवा. तांब्यातलं पाणी घागरीत ओतताना धार एकदम सोडत नाही ना, तसं. डावं पाऊल जमिनीवरच असेल, पण रिकामं. मग पाच अंकांत परत डावीकडे. अशा दहा खेपा.

पाऊल खरंच रिकामं झालं का, हे तपासायचं तर त्याखाली वर्तमानपत्राचा कागद ठेवा आणि खुर्ची धरून भार दुसरीकडे ओता. मग घरातल्या कुणाला तरी कागद ओढायला सांगा. कागद अख्खा निघाला तर पाऊल रिकामं होतं, फाटला तर नव्हतं. हा खेळ म्हाताऱ्या माणसांनी करू नये, कागद घसरतो. त्यांनी नुसती टाच किंचित उचलून पाहावी. अंगाला हिसका न देता उचलली गेली की झालं.

गच्चीवर जमणाऱ्यांमध्ये एक मामा आहेत, सारी उमर यंत्रमागावर गेलेली. त्यांना मी एकदा जुन्या ताय ची वचनातला दाखला सांगितला: पाऊल मांजरासारखं टाकावं आणि जोर असा लावावा, जसा कोशातून रेशमाचा धागा ओढावा. मामा हसले. म्हणाले, "ताई, हे मला सांगता व्हय? हिसकलं की तुटतं, सैल सोडलं की गुंता होतो." दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या हालचालीत धक्का नव्हता. मी जरा उत्साहात येऊन म्हटलं, भार मागावरच्या धोट्यासारखा इकडून तिकडे जातो. त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्त केलं, "धोटा नाही हो, धोटा ठोक्यानं जातो." बरोबर होतं त्यांचं. चेन घराण्यात याच धाग्यावरून गोल गोल फिरण्याच्या सरावाचं नावच 'रेशीम गुंडाळणं' असं पडलंय. आणखी एक वचन त्यांना आवडलं, 'कापसात लपलेली सुई'. वरून मऊ, आत कणा.

तिसरी पायरी: रिकामं पाऊल

आता चालायचं. सगळा भार डाव्या पायावर ओता, डावा गुडघा थोडा मोकळा वाकवा. उजवं पाऊल उचलून पुढे टाच टेकवा, पण नुसती टेकवा. भार अजून डावीकडेच. मग तसंच पाऊल परत आणा. पाच वेळा पुढे, पाच वेळा मागे, मग पाय बदला. आधार लागला तर हात खुर्चीला लावा, त्यात कमीपणा नाही.

रोजच्या चालण्यात आपण पुढे पडतो आणि पाय वेळेवर येऊन आपल्याला सावरतो. तरुणपणी तो वेळेवर येतो. इथे उलट शिकायचं आहे. पाय आधी जाऊन जमीन चाचपतो, पटली तर मग आपण मागून जातो. पायाखाली खड्डा निघाला तर पाय परत घेता आला पाहिजे. सोलापूरच्या रस्त्यांवर याचा उपयोग वेगळा सांगायला नको.

हे जमलं की पूर्ण पाऊल. टाच, मग तळवा, मग भार हळूहळू पुढच्या पायावर सत्तर टक्के, मागच्यावर तीस. दोन्ही टाचा एका रेषेत आणू नका. रुळांवर चालल्यासारखं खांद्याइतकं अंतर ठेवा, दोरावर चालल्यासारखं नको. पुढचा गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेला, आणि बोटांच्या पुढे जाणार नाही इतकाच. मागचं पाऊल साधारण ४५ अंश बाहेर.

आणि वळणं. इथे माझी स्वतःची चूक सांगते. शिकायला लागून सहा महिने झाले होते, सगळं येतं असं वाटायला लागलं होतं. भार पूर्ण पुढच्या पायावर असताना, पाऊल जमिनीला चिकटलेलं ठेवून मी कमरेवरून झटकन वळले. पाऊल राहिलं तिथेच, मांडी फिरली, आणि मधल्या मधे गुडघा पिळला गेला. दोन महिने जिना चढताना कण्हत होते. नियम साधा आहे. पाऊल फिरवायचं तर आधी भार त्यावरून काढून मागे घ्या, बोटं उचला, खुब्यातून टाचेवर फिरवा, ठेवा, मग भार द्या. काही शैलींत भारावर फिरतात. तुम्ही नवशिके, तुम्ही फिरू नका.

ज्यांना हे पुस्तकी वाटतं त्यांनी सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्याला बघावं. एवढी उंच काठी हाताच्या जोरावर पेलत नाही. भार कमरेवर आणि पायांवर असतो, हात नुसते तोल बघतात. पावलं लहान, गुडघे मोकळे, आणि त्यामागे यात्रेआधीचा कितीतरी दिवसांचा सराव. त्या माणसाला ताय ची शिकवायला जाल तर तोच तुम्हाला चार गोष्टी शिकवेल.

चौथी पायरी: चार हालचाली

पाय तयार झाले की हात. या चार एवढ्यासाठी निवडल्या की त्यांत बाजूला, पुढे, मागे सगळीकडे भार जातो.

आरंभ. सरळ उभे. मनगटं पुढे धरून हात खांद्याच्या उंचीपर्यंत तरंगत वर येऊ द्या, श्वास आत. कोपरं जड ठेवून हात खाली, गुडघे किंचित वाकवत, श्वास बाहेर. सहा वेळा. खांदे हाताबरोबर वर आले तर परत पहिली पायरी आठवा.

ढगांसारखे हात, म्हणजे युन शौ. पावलं जागेवर. उजवा हात चेहऱ्यासमोर, तळवा आपल्याकडे. डावा बेंबीसमोर. भार उजवीकडे ओतत कंबर उजवीकडे वळवा, वरचा हात कमरेबरोबर उजवीकडे जातो. टोकाला गेल्यावर तळवा बाहेर फिरवा, तो हात खाली येतो, डावा वर जातो, आणि आता डावीकडे. ज्या बाजूचा हात वर, त्या बाजूच्या पायावर भार. लोक हात फिरवतात आणि कंबर तशीच ठेवतात. हात कमरेला बांधलेत असं समजा, कंबर वळली की ते जातात, एरवी नाही. नजर वरच्या हाताबरोबर. महिनाभर जागेवर करा, मग बाजूला पाऊल टाकत.

रानघोड्याची आयाळ मोकळी करणं. उजव्या पायावर भार, छातीसमोर मोठा चेंडू धरल्यासारखे हात, उजवा वर, डावा खाली. डावं रिकामं पाऊल पुढे, टाच टेकवा. भार पुढे ओतता ओतता डावा हात तिरका वर, डोळ्यांच्या उंचीपर्यंत, तळवा आपल्याकडे. उजवा खाली, कमरेशेजारी. मग भार मागे, डाव्या पावलाची बोटं बाहेर वळवा, भार त्याच्यावर, दुसऱ्या बाजूचा चेंडू. गच्चीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत चार-पाच पावलं होतात.

माकडाला हटवत मागे सरणं. आईसाठी मला हीच सगळ्यात मोलाची वाटली, कारण मागे चालण्याचा सराव आयुष्यात कुणी करतच नाही. एक हात पुढे, तळवा वर. दुसरा मागून गोल येत कानाजवळ. पुढचा पाय रिकामा करा, मागे न्या, आधी बोटं टेकवा, मग तळवा, मग टाच, आणि भार हळूहळू मागे. त्याच वेळी कानाजवळचा हात पुढे ढकलतो, पुढचा कमरेकडे येतो. इथेही दोन रूळ लक्षात ठेवा, पाय पायामागे गेला की तोल गेला. मागे भिंत किंवा कुंड्या नाहीत हे आधी वळून बघा. आमच्याकडे तुळशीची एक कुंडी गेली आहे.

शेवटी परत आरंभासारखं उभं राहून हात खाली. मिनिटभर तसेच. लगेच चपला शोधायला पळू नका.

वेळापत्रक विचाराल तर पहिले दोन आठवडे फक्त उभं राहणं आणि भार ओतणं, रोज दहा मिनिटं. पुढचे दोन रिकामं पाऊल आणि आरंभ. दुसऱ्या महिन्यात ढग आणि घोडा, तिसऱ्यात माकड. तोपर्यंत वेळ आपोआप वीस-पंचवीस मिनिटांवर जातो. २४ हालचालींचा क्रम त्यानंतर, आणि शक्यतो माणसासमोर. व्हिडिओ तुमचा गुडघा बघत नाही.

फायदा किती, कशाचा

इथे दोन टोकं दिसतात. एक म्हणतात हातवारे आहेत नुसते, दुसरे म्हणतात सगळे रोग जातात. मोजमाप झालेलं आहे, तेच सांगते.

पडण्याबाबतचा पुरावा सगळ्यात भक्कम. अमेरिकेतल्या अटलांटामध्ये सत्तरी गाठलेल्या २०० जणांवरचा अभ्यास १९९६ मध्ये आला. पंधरा आठवडे ताय ची केलेल्यांमध्ये वारंवार पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी कमी झाला. २०१८ मध्ये अमेरिकेतच पडण्याचा धोका असलेल्या ६७० वृद्धांवरचा मोठा अभ्यास आला. त्यात निव्वळ स्नायू ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ताय चीच्या गटात पडण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी होतं, आणि वेगवेगळे व्यायाम एकत्र करणाऱ्या गटापेक्षा ३१ टक्क्यांनी कमी. पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या १९५ रुग्णांवरच्या २०१२ च्या अभ्यासात उभ्या स्थितीतला तोल ताय चीने ताकदीच्या आणि स्नायू ताणण्याच्या, अशा दोन्ही व्यायामांपेक्षा जास्त सुधारला.

गुडघेदुखी सोलापुरात घरोघरी आहे. दिवसभर मागावर उभं राहून नाही तर दिवसभर मांडी घालून. गुडघ्याच्या संधिवाताच्या २०४ रुग्णांवर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बारा आठवड्यांची ताय ची ही फिजिओथेरपीइतकीच गुणकारी ठरली. इतकीच, जास्त नव्हे. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये गुडघा आणि खुब्याच्या संधिवातासाठी ताय चीची ठाम शिफारस केली. रक्तदाब सीमेवर असलेल्या ३४२ जणांवर चीनमध्ये वर्षभर चाललेला अभ्यास २०२४ मध्ये आला. त्यात ताय चीने वरचा रक्तदाब सरासरी सात अंकांनी उतरला, दम लागणाऱ्या व्यायामाने साडेचार-पाचने.

हे आकडे वाचताना एक लक्षात घ्या. या लोकांनी आठवड्यातून दोन ते चार वेळा, तासतासभर, तीन महिने ते वर्षभर केलं होतं. तीन दिवसांत गुडघा बरा होत नाही. वजन उतरवायचं असेल तर एकट्या ताय चीवर विसंबू नका. जोर साधारण रमतगमत चालण्यापेक्षा थोडा वर, एवढाच पडतो. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आमच्यातल्या एकांनी केली होती, पुढचे आठ दिवस काळजीत गेले. मन शांत होतं का? माझं होतं. पाऊल रिकामं आहे का हे बघत असताना गॅसचं बिल आठवत नाही.

शिक्षक निवडताना

मुंबई-पुण्यात वर्ग आहेत. सोलापुरात शोधावे लागतात, आणि शोधताना डोळे उघडे ठेवा. पहिल्याच दिवशी तुमच्या गुडघ्यांची, औषधांची चौकशी करतो का? घराणं कोणतं, कुणाकडे शिकला, हे सरळ सांगतो का? पहिल्या महिन्यात उभं राहायला आणि चालायला शिकवतो का, की थेट तलवार हातात देतो? हात न लावता माणूस उडवून दाखवणारा भेटला तर टाळ्या वाजवा आणि घरी या. वर्षभराने जोडीदाराच्या मनगटाला मनगट लावून करायचा 'ढकलते हात' हा सराव जरूर करा. समोरच्याचा जोर कुठून येतोय हे त्वचेला कळायला लागतं, आणि ताय ची ही लढाईची विद्या का म्हणतात ते तिथे उमगतं.

उभं राहता येत नसेल तर खुर्चीत बसूनही होतं. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा, पाठ टेकवू नका, दोन्ही तळवे जमिनीवर. आरंभ आणि ढगांचे हात तसेच. भार एका बैठकीच्या हाडावरून दुसऱ्यावर ओता. आईची सुरुवात अशीच झाली, एका हाताला प्लास्टर असताना. तीन महिन्यांनी ती खुर्चीमागे उभी राहून करू लागली, आता गच्चीवर येते. माकडाला हटवताना ती मोठ्याने "हाड्!" म्हणते, चिनी परंपरेत ते नाही.

स्वयंपाकघराचा उंबरा अजून आहे तसाच आहे. ती तिथे आल्यावर थांबते, उजवं पाऊल पलीकडे ठेवते, भार ओतते, मग डावं उचलते. कुणी हाक मारली तर दोन्ही पाय पलीकडे गेल्याशिवाय वळत नाही. चौकटीला हात मात्र अजून लावते. लावू दे, मीच तिला तसं सांगितलंय.